भुकेचा भाग

कोलकाता, ९ जानेवारी २०२५

तीर्थरूप आत्या,

बाबा तुला लिहिताना वरती 'शि. सा. न. वि. वि.' असं काहीतरी लिहायचे. त्यातला 'न' म्हणजे नमस्कार एवढंच मला कळतं, म्हणून मी आपला सरळ वाकून पाया पडतो. हल्ली वाकणं हेच मोठं काम झालंय, आणि पत्र त्याबद्दलच आहे.

फोन केला नाही, कारण काकांच्या कानांमुळे तुमचा फोन कायम स्पीकरवर. मागे तुला एकटीला काही सांगायला गेलो तर मागून काका ओरडले, "कुणाला जुलाब झाले?" म्हणून बाबांसारखं पत्र.

दोन वर्षांपूर्वी माझी साखर निघाली तेव्हा तू म्हणाली होतीस, कुणाला नसते! आत्या, माझी गोळ्यांवरून सुयांवर गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी. वजन तुला सांगत नाही, इस्पितळातल्या काट्यावर चढलो तर नर्सने आधी काट्याकडे आणि मग माझ्याकडे संशयाने पाहिलं. डॉक्टर मृणाल नंदी म्हणून आहेत, शांत माणूस. म्हणाले, वजन असंच राहिलं तर साखर ऐकणार नाही, ऑपरेशनचा विचार कर. पोटाचा मोठा भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याएवढी नळी. जादू नाही म्हणाले. साखर आटोक्यात येईल, सुया कदाचित सुटतील, आणि काही वर्षांनी कदाचित परतही येईल. जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र जन्मभर.

तिथून निघालो तो घरी यायच्या ऐवजी गार्डन रीचला गेलो. का ते विचारू नकोस, बस समोर उभी होती. रेल्वे कॉलनीतलं आपलं क्वार्टर बाहेरून बघितलं. कुणी ओडिया कुटुंब राहतंय, आपल्या खिडकीत त्यांचं तुळशीचं डबडं. मग आठवलं, दर मे महिन्यात बाबा मला तुझ्याकडे मिरजेला सोडायला निघायचे, तेव्हा हावड्याला त्या रंगीत दिव्यांच्या वजनाच्या मशीनवर उभं करायचे. जाताना एकदा, परत आल्यावर एकदा. तिकिटाच्या मागे भविष्य असायचं. 'आपण थोर पुढारी व्हाल.' दोन्ही तिकिटं बाबा तुला पोस्टाने पाठवायचे, म्हणजे पोराची पावती. यंदा सरलाने चार किलो चढवला, असं ते मराठी मंडळात अभिमानाने सांगायचे.

कुठे होतो मी? हां. डॉक्टर म्हणाले, भूक लावणारं जे काही शरीरात तयार होतं ते बरंचसं त्या कापायच्या भागात. लोकांना महिनोन्महिने भूकच लागत नाही. हे ऐकून मी खूश व्हायला हवं होतं ना? बसमध्ये रडलो.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा. तिचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो. पण कुठेही कढीला फोडणी बसली की मला भूक लागते, आणि भूक लागली की ती दिसते, ओट्याशी, पाठमोरी. बास, एवढीच आहे ती माझ्याकडे. भूकच कापून नेली तर ती कुठल्या वाटेने येणार? आणि तुझ्याकडे येऊन मी काय करू? हे डॉक्टरला विचारता येत नाही. तुला विचारतो. करू का नको?

तुझा,
अजेय

---

मिरज, १८ जानेवारी

चि. अजेय,

अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे रागाने.

मी सांगतेय आणि रजनी लिहितेय. माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय, नवा होईपर्यंत ही व्यवस्था. (मी रजनीवहिनी. नमस्कार भावजी. जसंच्या तसं लिहायची अट आहे.)

अरे, देवाने दिलेलं पोट कापून त्याचं केळं करायचं? आपल्या घराण्यात आजवर कुणाच्या पोटाला सुरी लागलेली नाही. (काका म्हणतात, माझं अपेंडिक्स? आई म्हणतात, तुम्ही गप्प बसा, तुम्ही आमच्या घराण्यातले नाही.) रात्री मेथ्या भिजत घाल, सकाळी पाणी पी. तुमच्या त्या मैदानावर चाल, एवढं मोठं मैदान सरकारने कशाला ठेवलंय? साखर निम्म्या मिरजेला आहे. गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं. त्याचा एवढा गाजावाजा कुणी करत नाही.

आणि मशीनची तिकिटं काढून दाखवतोस होय मला? म्हणजे मी तुला जाड केला असंच ना? अविनाशने तुला पहिल्यांदा आणून सोडला तेव्हा बरगड्या मोजून घ्याव्यात असा होतास. आता मोठा झालास, हिशेब मागतोस. (इथे आई उठून पाणी पिऊन आल्या.)

तिकडे थंडी असेल. डिंकाचे लाडू पाठवलेत, वेगळ्या पार्सलने. रोज एक खा.

तुझी,
सरला आत्या

(लाडू करू नका म्हणून मी सांगितलं होतं. जसंच्या तसं लिहायचं म्हणून हेही लिहिलं. र.)

---

कोलकाता, ४ फेब्रुवारी

आत्या,

पाया पडतो, आणि कानही धरतो. हिशेब नाही गं मागितला. मला नुसतं हावडा आठवलं होतं.

लाडू पोचले. रोज एक म्हणालीस. पार्सल दारातच फोडलं, उभ्या उभ्या तीन गेले. सुयशने डबा ओढून घेतला. सुयश म्हणजे बेहालाला माझ्याबरोबर राहतो तो, कॉम्प्युटरवाला, मंडळाच्या गणपतीत आरतीला खोटा सूर लावतो तो. उरलेले त्याने ऑफिसात वाटले. त्याच्या बंगाली साहेबांनी विचारलं, हे गोड आहे की औषध?

आता जे लिहिलं नव्हतं ते लिहितो. गेल्या उन्हाळ्यात मी लडाखला त्या तंबूवाल्यांकडे कामाला होतो ना? तिथे बुटात खडा गेला होता. दिवसभर चाललो, कळलंच नाही. संध्याकाळी मोजा काढला तर मोजा लाल. दुखलं काहीच नाही, आणि तीच घाबरायची गोष्ट असते असं डॉक्टर म्हणाले. जखम भरायला सगळा पावसाळा गेला. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, एकेक नोकरी सोडली, तेव्हा वाटायचं, पाय आहेत ना, कुठेही जाऊ. पाय गेले तर मी कोण?

डॉक्टरांना माझ्या पोटाची काळजी नाही, माझी आहे. म्हणाले, "कापणं एक दिवसाचं, माझं काम. पुढचं सगळं तुझं. दर काही महिन्यांनी तपासणी. पारबे तो?" म्हणजे, जमेल ना? मी जोरात हो म्हणालो. नंतर आहारवाल्या बाईंना भेटायचं होतं. त्या दिवशी सियालदाहला उतरलो, बराकपूरची गाडी लागलेली दिसली, बसायला जागा होती. बराकपूरच्या घाटावर एक म्हातारा होड्यांना डांबर फासत होता, त्याच्याशी गप्पा मारत बसलो. भेट चुकली. डॉक्टरांनी नुसता चष्मा पुसला.

तरी तारीख दिलीय, २४ मार्च. आधीचे दोन आठवडे नुसतं पातळ. घरमालकीण माशीमा लगेच म्हणाल्या, साबू खा. इथे आजाऱ्याला साबुदाणा देतात! आहारवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. निव्वळ पीठ आहे म्हणे, साखर चढते.

तू अजून सांगितलं नाहीस. करू का नको?

अजेय

ता. क. चष्मा झाला का? तुझं अक्षर हवं होतं.

---

मिरज, १५ फेब्रुवारी

चि. अजेय,

आशीर्वाद, या वेळी सगळे प्रेमाचे.

साबुदाणा नको म्हणते ती बाई? मग लोक उपास कशावर करतात? (काका म्हणतात, बटाट्यावर.)

तुझ्या पायाचं ऐकून रजनीला परत वाचायला लावलं. दोनदा.

तुला सांगू का, तुझी आई गेल्यावर तू इथे आलास तेव्हा बोलत नव्हतास. अजिबात. डॉक्टर झाले, अंगारा झाला, शेजारच्या पोरांनी कैऱ्या दाखवून झालं. हो नाही, नाही नाही. नुसता बसून राहायचास पत्र्याच्या पेटीवर. एक दिवस शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. तू भात खाल्लास, ताट पुढे सरकवलंस आणि म्हणालास, "अजून." तो तुझा पहिला शब्द. काका तिकडून उठून आले, त्यांचे कान तेव्हा चांगले होते. आता तूच सांग, मी त्या पोराला कधी 'पुरे' म्हणणार होते? त्याच्यानंतर तू मागायचास आणि मी वाढायचे. वाढता वाढता तू बोलायला लागलास, खोड्या करायला लागलास, जिन्यावरून पडलास. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. आजही 'अजून' म्हणालास तर वाढीन.

म्हणून तू विचारतोस त्याचं उत्तर माझ्याकडून येत नाही. भूकच नसलेला तू मला डोळ्यासमोर आणता येत नाही रे. पण तारीख घेतलीस तर घेतलीस. माझ्या परीने जे करायचं ते मी सुरू केलंय.

चष्म्याचं होईल.

तुझी,
सरला आत्या

---

मिरज, १५ मार्च

अजेयभावजींना,

नमस्कार. हे पत्र माझं, आईंना माहीत नाही. तुमचा फोन गुरुवारपासून बंद येतोय म्हणून लिहून पाठवतेय.

आधी सांगते, आई आता बऱ्या आहेत.

तुमची तारीख कळल्यापासून त्यांनी तुमच्यासाठी गुरुवार धरले होते. नुसत्या पाण्यावर. आम्ही म्हटलं, या वयात नको. म्हणाल्या, पोरगं तिकडे दोन आठवडे पाण्यावर राहणार, मला एक दिवस जड आहे का? या गुरुवारी नेमकी होळी आली. म्हणजे सकाळपासून पुरण शिजतंय, त्या पोळ्या लाटताहेत आणि तोंडात घोट पाण्याचा. संध्याकाळी नैवेद्याचं ताट उचलताना पडल्या. घामाने भिजलेल्या, हाक मारली तर भलतंच बोलत होत्या. दवाखान्यात नेलं तर साखर तळाला गेलेली.

भावजी, आईंना मधुमेह आहे. आठ वर्षं झाली. तुमच्या कोलकात्याला कळू द्यायचं नाही असा घरात हुकूम होता. आधी तुमच्या बाबांना काळजी नको म्हणून, आणि ते गेल्यावर तुमच्यासाठी. त्या दिवशी सकाळी त्यांनी साखरेची गोळी रोजच्यासारखी घेतली होती. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पोटात काही नसताना ही गोळी का घेतली?" तर म्हणाल्या, "गोळीने उपास मोडत नाही." डॉक्टर बिचारे परभणीचे. त्यांची आईही असंच म्हणते म्हणाले.

आणि चष्म्याचा नंबर वगैरे काही नाही. वर्षभर त्यांना अक्षर दिसत नाही. साखरेने डोळ्याच्या मागे काहीतरी झालंय. दाखवायला चला म्हटलं की म्हणतात, अजेयचं होऊन जाऊ दे.

तुम्ही त्यांना रागावू नका. पण तुमचं त्या ऐकतील असं वाटतं.

रजनीवहिनी

---

कोलकाता, २३ मार्च

आत्या,

फोनवर तू "मी बरी आहे रे" यापलीकडे बोलली नाहीस, मागे काका खोकत होते. म्हणून लिहितोय. वहिनींवर चिडू नकोस, त्यांनी सांगितलं नसतं तर मी त्यांच्यावर चिडलो असतो.

तो गुरुवार मी कुठे होतो ते ऐक. पातळ खाण्याचा चौथा दिवस होता. डोकं दुखत होतं. इथे दुसऱ्या दिवशी दोल, म्हणजे आपल्या रंगपंचमीसारखंच, रस्त्यात पोरं पिचकाऱ्या विकत बसलेली. हावड्याला कटव्याची गाडी दिसली. फोन बंद केला आणि चढलो. नवद्वीपला उतरलो. तिथे लाल दही मिळतं, मडक्यातलं, आटवून आटवून तांबूस झालेलं, सुरी खुपसली तर उभी राहते. गंगेवर कीर्तनवाले चालले होते, सगळीकडे गुलाल, मी एका दुकानाच्या फळीवर बसलो आणि मडकंभर दही खाल्लं. मग मालपुवे. मग परत दही. तू तिकडे पाण्यावर पुरण घोटत होतीस त्याच संध्याकाळी.

आणि आत्या, गंमत सांगू? आई आली नाही. एवढं खाल्लं, एवढी भूक होती, पण ओट्याशी कुणी उभं नव्हतं. नुसतं दही संपत गेलं.

परत येऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, २४ तारखेचं आता होत नाही, पुन्हा तारीख देऊ, पण आता तू विचार कर की यायचंय का. मी सुयशबरोबर तिथल्या बाकावर बसलो. सुयश म्हणाला, "तुला भूक जाईल याची भीती वाटते. मला तर वाटतं, भूक कधी गेलीय तुझी आजवर?" खोट्या सुराचा माणूस, पण हे बरोबर लागलं.

मी रागावलोय. तू मला सांगत होतीस, गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं. मला वाटलं, आत्याला काय कळतंय यातलं! तुला सगळं माझ्या आधी कळत होतं. माझे पाय आणि तुझे डोळे एकाच वाटेने चाललेत आणि आपण एकमेकांना लाडू पाठवतोय.

तू माझ्यासाठी उपास करू नकोस. माझ्यासाठी डोळे दाखव. तुमची मिरज तर दवाखान्यांचं गाव. तू दाखवून आलीस असं वहिनींनी लिहिलं की मी तारीख घेतो. आधी नाही.

अजेय

---

मिरज, ९ एप्रिल

चि. अजेय,

आशीर्वाद.

दाखवले. आत्याला अटी घालतोस, बाप नव्हता घालत. (काका म्हणतात, चांगलं केलंस.)

डोळ्यात थेंब घालून दोन तास बसवलं, मग काचेतून बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर केलात. डाव्या डोळ्याचं गेलं ते आता यायचं नाही. उजव्याला लेसर दिलं, अजून एकदोनदा जावं लागेल, मग आहे तेवढं टिकेल. दुखत नाही, वीज चमकल्यासारखं होतं. परत येताना रिक्षात रजनीचा हात धरून बसले होते. ती म्हणाली, आई, रडताय का? म्हटलं, थेंब घातलेत ना.

मला कुणाला सांगायचं नव्हतं कारण लोक मग वाढताना विचारतात, चालेल ना तुम्हाला? मी आयुष्यभर लोकांना वाढलं. मला कुणी विचारून वाढावं हे मला सोसत नव्हतं. एवढंच त्याचं कारण, दुसरं मोठं काही नाही.

आता तुझं. जानेवारीपासून विचारतोयस. कर. मला पाय असलेला तू हवा आहेस. भूक नसली तरी चालेल, मी घेईन सवय करून.

गुरुवार सोडलेत. डॉक्टरांनी तंबी दिली आहे आणि रजनी पोलिसासारखी बसते.

तुझी,
सरला आत्या

---

कोलकाता, २ जून

आत्या,

पाया पडतो. पूर्वीपेक्षा बराच खाली गेलो या वेळी.

फोनवर सुयशने तुला सगळं सांगितलंच आहे, १२ मेला झालं, नीट झालं. मी थोडं वेगळं सांगायला बसलोय.

पहिले दिवस वाईट होते. औषधाच्या पेल्यातून पाणी, घोट घोट. एकदा घाईत मोठा घोट घेतला तर छातीत दगड बसल्यासारखं झालं. डाळीचं वरचं पाणी माशीमा पाठवतात, गाळून. एक वाटी संपवायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पूर्वी मी पंगत उठवली असती. सुया बंद केल्यात, साखर रोज बघतो. डॉक्टर म्हणतात, एवढ्यात नाचू नकोस. तपासणीला दोनदा गेलो, दोन्ही वेळा सरळ इस्पितळातच उतरलो. रस्त्यात ट्रामचा जुना डबा रंगवत होते, तरीही.

आणि भूक गेली, आत्या. खरंच गेली. खालच्या घरात रोज फोडणी बसते, वास येतो, आणि पोटात काही हलत नाही. आईसुद्धा आली नाही. पंधरा दिवस मी वास घेत वाट बघत बसलो, आणि ती आली नाही. जे व्हायला नको होतं तेच झालं असं वाटून मी दोन दिवस सुयशशी बोललो नाही.

मग परवा पायजमा सैल झाला. इतका, की चालताना हाताने धरावा लागत होता. आवळायला गेलो तर नाडीचं एक टोक आत गेलं. ती काढली आणि परत ओवायला बसलो. माशीमांकडून दोन सेफ्टीपिना आणल्या, एक नाडीला टोचली, आणि दोन्ही हात नेफ्यात अडकले म्हणून दुसरी पिन दातात धरली.

आणि ती समोर आली. पाठमोरी नाही गं, समोर! गुडघ्यावर बसलेली, दातात पिन, डोळे वर करून माझ्याकडे बघतेय, आणि पिन न सोडता म्हणतेय, "उम्मा अहा अयू." म्हणजे 'उभा राहा, हलू नकोस.' मी शर्ट वर धरून उभा आहे आणि मला गुदगुल्या होताहेत. तिच्या उजव्या भुवईत एक तुटक जागा आहे. ती कुठल्याच फोटोत नाही. आहे ना, आत्या? का मी आपलं मनाने घातलं?

मला भूक अजिबात लागली नव्हती.

अजेय

---

मिरज, १४ जून

चि. अजेय,

हे मी लिहितेय. रजनीने जाड पेन आणलं आणि ओळी आखून दिल्या. एक डोळा मिटून लिहावं लागतं. अक्षर वाकडं आहे, वाचून घे.

होती. उजव्या भुवईतच. लहानपणी विहिरीच्या रहाटाची दोरी लागली होती तिला, माहेरी. तिथे केस आले नाहीत. लग्नात काजळाने भरली होती, मीच भरली. नंतर ती भरायची नाही, म्हणायची, कुणाला कळतंय? तुला हे कुणी सांगितलेलं नाही. अविनाश असल्या गोष्टी बघायचा नाही. म्हणजे तूच पाहिलंस.

रजनीने काकांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, परत वाच. त्यांना ऐकू गेलं होतं.

इकडे जांभळं संपत आली. मला बियांची पूड करून ठेवलीय, कडू जहर. बाकी बरं आहे.

डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले की ये. गाडी कधीचीही घे, सकाळची, दुपारची. आता जेवणवेळ गाठायची गरज नाही.

सरला आत्या